परदेशातले घर आणि त्याचा वरखर्च

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. इंग्लंडात लेस्टर शहरी एकतीस वर्षे एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम केले, तेथे रोज चारशे मुलांचे ताट मांडले. पण चारशे माणसांपुढे उभे राहून बोलण्याचा प्रसंग कधी आला नाही. तेव्हा बोलण्यात काही मागेपुढे झाले तर आपण सांभाळून घ्याल अशी खात्री आहे.

आजचा विषय मी निवडला त्याला कारण घडले ते आपल्या भिशीच्या दिवशी. चहा झाल्यावर आपल्यापैकी एक भगिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहो, आमचे हे आणि मुलगा मिळून पोर्तुगालात समुद्रकाठी घर घ्यायचं म्हणताहेत. निवृत्तीनंतर थंडीचे चार महिने तिकडे राहायचं. मुलगा म्हणतो, मुंबईतल्या ब्लॉकपेक्षा स्वस्त पडतं. तुम्ही तर असं घर घेतलं होतंत. कसं काय असतं?" मी त्यांना त्या वेळी एवढेच म्हटले की, जाहिरातीतली किंमत ही घराची किंमत नसते. त्यांनी "म्हणजे?" असे विचारले, आणि तेवढ्यात भिशीची चिठ्ठी निघाली व बोलणे राहिले. ते राहिलेले बोलणे आज पुरे करते.

आम्ही घर घेतले ते स्पेन देशात, अलिकान्ते प्रांतातल्या समुद्रकाठच्या एका गावी, २०१६ साली. इंग्लंडातली पुष्कळ वयस्कर मंडळी थंडीत तिकडे जातात. ऊन स्वच्छ, संत्री-लिंबांच्या बागा, आणि विमानाने दोन-अडीच तासांची वाट. ह्यांना संधिवाताचा त्रास होता, शिवाय हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. बसगाडी चालवण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर जी एकरकमी पुंजी हाती आली ती, आणि माझी थोडी शिल्लक, अशी मिळून घराची जोडणी केली. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक बैठकीची खोली आणि गच्चीवजा सज्जा. किंमत ९०,००० युरो. कर्ज काढायचे नाही असे आमचे ठरलेलेच होते. मे महिन्यात पौंडाला सुमारे १.३० युरो मिळत होते. म्हणजे घर पडत होते एकोणसत्तर-सत्तर हजार पौंडांना. ह्यांनी वहीच्या पहिल्या पानावर तो आकडा लिहून खाली दोन रेघा मारल्या. हिशेब संपला असे आम्हा दोघांनाही वाटले.

तेथे व्यवहार ठरला की दहा टक्के विसार द्यावा लागतो. त्याला ते आर्रास म्हणतात. त्यातली मेख अशी की, घेणारा मागे फिरला तर विसार बुडाला. आणि देणारा मागे फिरला तर त्याने दुप्पट परत करावयाचे. नियम दोन्ही बाजूंना सारखा, त्यामुळे वाईट म्हणता येत नाही. आम्ही मे अखेरीस ९,००० युरो भरले आणि ऑगस्टअखेर खरेदीखत करावयाचे ठरले.

मध्ये आला जून. २३ जून २०१६ ला इंग्लंडात युरोपीय संघातून बाहेर पडावे की नाही यावर मतदान झाले, आणि बाहेर पडण्याच्या बाजूने कौल लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत बटाटे सोलत होते, तेव्हा पौंड गडगडल्याची बातमी रेडिओवर लागली. त्या वेळी मला त्याचा आमच्याशी काही संबंध आहे हे उमगलेदेखील नाही. घरी आले तो हे वही उघडून बसलेले. "अगं, आपलं घर महाग झालं," एवढेच म्हणाले. ऑगस्टअखेर पौंडाला १.१७ युरोच मिळू लागले. उरलेले ८१,००० युरो आणि वरचे खर्च मिळून आम्हाला सुमारे आठ हजार पौंड जास्त मोजावे लागले. घरमालकाला एक पैसाही जास्त मिळाला नाही, घराला एक वीटही जास्त लागली नाही! आणि मागे फिरावे तर विसाराचे नऊ हजार बुडणार. म्हणून म्हणते, पैसा एका नाण्यात आणि घर दुसऱ्या नाण्यात असले की किंमत ठरली असे खरेदीखतावर सही होईपर्यंत मानू नये. दर आधी बांधून घेण्याची सोय असते, हे आम्हाला नंतर कळले. चलन बदलून देणाऱ्या पेढ्या थोडी अनामत घेऊन पुढच्या तारखेचा दर ठरवून देतात. आमच्या शेजारच्या एका इंग्रज विधवेने तसे केले होते. तिने नऊवारी नेसली नव्हती एवढेच. बाकी व्यवहारात ती आपल्या आजीसारखी होती.

आता "वरचे खर्च" म्हटले ते काय, ते सांगते. कारण खरा विषय तोच.

स्पेनमध्ये जुने घर घेतले तर मालकी बदलल्याचा कर असतो. तो प्रत्येक प्रांतसरकार आपापला ठरवते. वालेन्सिया भागात, ज्यात अलिकान्ते येते, तो त्या वेळी दहा टक्के होता. म्हणजे ९,००० युरो एका फटक्यात. नवे कोरे घर घेतले तर हा कर नाही. पण त्याऐवजी दहा टक्के विक्रीकरासारखा कर आणि शिवाय मुद्रांक. तेव्हा नव्यात काही सुटका आहे असे समजू नका. आणखी एक गोष्ट २०२२ च्या जानेवारीपासून झाली आहे. सरकारने प्रत्येक घराची आपली एक संदर्भ-किंमत ठरवून ठेवली आहे, आणि तुम्ही त्याहून कमी किमतीला घेतले तरी कर त्या किमतीवर बसतो. आपल्याकडच्या रेडी रेकनरसारखेच म्हणा ना.

मग नोटरी. तिकडचा नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर वडाखाली टेबल टाकून शिक्का मारणारा नव्हे. तो मोठा सरकारमान्य अधिकारी. खरेदीखत तो स्वतः मोठ्याने वाचून दाखवतो, आणि तुम्हाला स्पॅनिश येत नसेल तर दुभाष्या लागतो. दुभाष्याचे पैसे अर्थात तुमचेच. पण हा नोटरी कुणाचीच बाजू घेत नाही हे पक्के ध्यानात ठेवा. घरावर कर्ज आहे का, इमारतीची वर्गणी थकली आहे का, सज्जा परवानगीशिवाय बंद केलेला आहे का, हे सारे तुमच्या बाजूने पाहावयाचे तर वेगळा वकील हवा. पुष्कळ लोक दलालाने सांगितलेलाच वकील घेतात. आम्ही लेस्टरच्या एका गुजराती कुटुंबाने सुचवलेला, दलालाशी संबंध नसलेला वकील घेतला; वहीत सर्वांत शहाणपणाचा खर्च कोणता म्हणाल तर तो. त्याने शोधून काढले की, आधीच्या मालकाने इमारतीची दोन वर्षांची वर्गणी भरलीच नव्हती. तिकडे कायदा असा की, चालू वर्षाची आणि मागच्या तीन वर्षांची थकबाकी घराला चिकटून येते. मालक बदलला तरी घर तिला जबाबदार. वकिलाने ती रक्कम विक्रीच्या पैशांतून कापून घ्यायला लावली.

आमची यादी अशी झाली: मालकी-कर ९,०००, नोटरी ७००, नोंदणी कचेरी ४००, वकील १,२०० आणि त्यावर एकवीस टक्के कर, मिळून १,४५२, कागद इकडून तिकडे नेणारा माणूस, ज्याला ते हेस्तोर म्हणतात, तो ३००, परदेशी माणसाचा ओळखक्रमांक, भाषांतर, दुभाष्या मिळून २५०, आणि बँकेने धनाकर्ष काढून दिल्याबद्दल २७०. बेरीज १२,३७२ युरो. नव्वद हजारांच्या घरावर जवळजवळ चौदा टक्के! हे पैसे भिंतीत नाहीत, फरशीत नाहीत, विकताना परत मिळावयाचे नाहीत.

येथे एक आडकथा सांगितल्यावाचून राहवत नाही. घरमालकाने सुचवले की, खरेदीखतात ऐंशी हजारच लिहू, दहा हजार हातावर द्या, तुमचा कर वाचेल. मी हसलेच. म्हटले, बाई गं, डोंबिवली काय आणि अलिकान्ते काय! ह्यांनी साफ नाही म्हटले. तो प्रामाणिकपणा तर होताच. पण त्यात हिशेबही होता. खरेदी कमी दाखवली की पुढे विकताना नफा तितका जास्त दिसतो आणि त्यावर एकोणीस टक्के कर बसतो. शिवाय सापडलो तर परमुलखात आपली बाजू कोण घेणार?

घर ताब्यात आले तो ऑगस्टचा शेवट. नोव्हेंबरात आम्ही राहावयास गेलो, आणि पहिल्याच रात्री थंडीने कुडकुडलो. हे कोणी जाहिरातीत लिहीत नाही. त्या बाजूची घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली. खाली संगमरवरी फरशी, भिंती पातळ, शेगडी नाही की लेस्टरसारखे गरम पाण्याचे नळ भिंतीत फिरवलेले नाहीत. बाहेर ऊन आणि घरात पायमोजे, दोन स्वेटर! नारिंगी रंगाचे गॅसचे नळकांडे आणून त्यावर चालणारी शेगडी घेतली. ते नळकांडे दुसऱ्या मजल्यावर चढवण्याचे काम माझेच, कारण ह्यांना डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितलेले. विजेचे गणितही निराळे. तुम्ही किती भार लागेल म्हणून नोंदवता त्यावर दरमहा ठरलेला आकार पडतो. घर सात महिने बंद असले तरी तो पडतोच.

वर्षाचा खर्च मी पुढच्या वर्षी मांडला. इमारतीची वर्गणी, तिला कोमुनिदाद म्हणतात, ६६०, घरपट्टी ३१०, कचऱ्याचे ९०, विमा १८०, वीज-पाण्याचा बसता आकार ३५०. आणि एक दिवस इमारतीच्या सभेची चिठ्ठी आली. लिफ्ट बदलायची म्हणून प्रत्येकाने १,४०० युरो द्यावेत! याला त्यांच्याकडे देर्रामा असे नाव आहे. आपल्या सोसायटीत रंगकामाला जादा वर्गणी काढतात तोच प्रकार. फरक इतकाच की, आपण सभेला जाऊन भांडू तरी शकतो. तेथे सभा स्पॅनिशमध्ये, आणि ती भरली तेव्हा आम्ही लेस्टरला होतो.

दुसरी चूक आमची स्वतःची, आणि ती सांगावयास मला संकोच वाटत नाही, कारण ऐकून कुणाची तरी टळेल. स्पेनमध्ये न राहणाऱ्या माणसाने घर भाड्याने दिले नाही, स्वतःच वापरले, तरी सरकार असे मानते की त्याला त्या घरापासून काही उत्पन्न झाले. घराच्या सरकारी पटावरील किमतीचा दोन टक्के भाग, किंवा पट अलीकडे सुधारलेला असेल तर १.१ टक्का, हे ते मानीव उत्पन्न. आमची पटावरची किंमत ४५,०००; म्हणजे ९०० युरोंचे न मिळालेले उत्पन्न आणि त्यावर एकोणीस टक्क्यांनी १७१ युरो कर. याचे बिल घरी येत नाही. आपणच फॉर्म भरून पुढच्या वर्षाच्या डिसेंबरअखेर द्यावयाचा. आम्हाला पत्ताच नव्हता! वकिलाने घर घेऊन दिले, त्याचे काम संपले. दलाल दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. पुढे दंडासह भरला. रक्कम मोठी नव्हे; पण कायद्यात चुकलो या विचाराने हे चार रात्री नीट झोपले नाहीत. सगळा जन्म तिकीट काढून प्रवास करणारा माणूस.

असे दोन हिवाळे गेले. ते सुखाचे गेले, हे खोटे सांगणार नाही. सकाळी समुद्रावर फिरणे, आठवड्याच्या बाजारात वांगी, टोमॅटो, ताजी मासळी. ह्यांचे गुडघे खरोखर सुधारले. मी सज्जात कढीपत्ता लावला होता, तोही जगला.

तिसऱ्या हिवाळ्याची तिकिटे काढलेली होती. बॅगा भरून जिन्याखाली ठेवलेल्या होत्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये लेस्टरलाच हे गेले.

मैत्रिणींनो, आपण घर घेताना दोघांच्या नावावर घेतो आणि फार मोठी सोय केली असे समजतो. स्पेनमध्ये एकाच्या जाण्याने दुसऱ्याचे नाव आपोआप लागत नाही. अर्धे घर वारसाहक्काने माझ्याकडे यावयाचे तर सहा महिन्यांच्या आत वारसाकराचा कागद भरला पाहिजे. त्यासाठी मृत्यूचा दाखला, त्यावर इंग्लंड सरकारची अपोस्तिलची मोहोर, त्याचे शपथी भाषांतरकाराकडून स्पॅनिश भाषांतर, माद्रिदच्या मृत्युपत्र-नोंद कचेरीचा दाखला, मग पुन्हा नोटरी, पुन्हा नोंदणी. तेथील बँकेने खात्यातला ह्यांचा अर्धा भाग कागद पुरे होईपर्यंत अडवून ठेवला. त्यामुळे विजेचे बिल परत गेले आणि वीज तोडल्याचे शेजारच्या इंग्रज बाईने फोन करून कळवले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी विजेच्या बिलासाठी फोनवर ताटकळत होते.

त्यात एक गोष्ट देवाने सुचवली म्हणावयाची. खरेदीच्याच वेळी वकिलाच्या सांगण्यावरून आम्ही दोघांनी तेथे वेगवेगळी मृत्युपत्रे केली होती. स्पेनच्या कायद्याप्रमाणे मुलांचा ठराविक वाटा ठेवावाच लागतो, सगळे बायकोला देता येत नाही. परंतु ऑगस्ट २०१५ पासून युरोपात असा नियम झाला आहे की, परदेशी माणूस आपल्या मृत्युपत्रात "माझ्या राष्ट्राचा कायदा लागू करावा" असे लिहू शकतो. ह्यांनी तसे लिहिले होते. त्या एका वाक्याने मुलाला आणि मुलीला रजा काढून सह्यांसाठी येण्याचे वाचले. वारसाकर मला शून्य बसला. वालेन्सियात नवराबायकोला एक लाख युरोंपर्यंत सूट होती आणि माझा वाटा पंचेचाळीस हजारांचा. मात्र हे शून्य सिद्ध करावयास, आणि नगरपालिकेचा जमिनीच्या वाढीव किमतीवरचा कर भरावयास, मिळून २,७०० युरो गेले. हा कर विकतानाही असतो आणि वारसाहक्कातही. त्याला ते प्लुसवालिआ म्हणतात.

नंतरच्या हिवाळ्यात मी एकटी गेले. सज्जातला कढीपत्ता वाळून गेलेला होता. त्यानंतर करोनाचे वर्ष आले. आणि ते सरते न सरते तो १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना नवा नियम लागू झाला: कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येईल. नोव्हेंबर ते मार्च राहावयाचे म्हणून घेतलेले घर, त्यात फेब्रुवारीलाच निघावे लागणार! घर माझे, किल्ली माझी, कर माझा, आणि मुक्काम मात्र परक्या सरकारच्या मर्जीचा. शिवाय त्या मानीव उत्पन्नावरचा कर युरोपीय संघाबाहेरच्यांना चोवीस टक्के झाला. १७१ चे २१६. त्या पंचेचाळीस युरोंचा मला त्या आठ हजार पौंडांपेक्षा जास्त राग आला, का ते माझे मलाच ठाऊक नाही.

एप्रिल २०२२ मध्ये मी घर विकले. ९७,००० आले. ऐकून तुम्हाला वाटेल, सात हजार नफा! विकतानाही यादी असते. दलालाचे पाच टक्के आणि त्यावर कर, ५,८६८, वकील १,०००, घराला ऊर्जा किती लागते त्याचा दाखला, जो असल्याशिवाय विक्री नाही, तो १२०, प्लुसवालिआ ३००. आणि विकणारा अनिवासी असला की घेणाऱ्याने किमतीतले तीन टक्के कापून सरकारात भरावयाचे असतात. माझे २,९१० असे अडकले. मला नफा नव्हताच, त्यामुळे ते परत मिळाले. पण अर्ज करून, आणि मागच्या वर्षांचे ते मानीव कर भरल्याचे कागद लावून, जवळजवळ वर्षाने. तेव्हा मला कळले की, न सांगता येणारा तो कर शेवटी दारातच गाठतो.

सगळी वही मी एकदा बेरजेला घेतली. घेताना, विकताना, वारसाला, वर्षासन आणि ती लिफ्ट धरून तेहतीस हजार युरोंच्या वर गेले. विमानाची भाडी आणि ह्यांच्या आजारामुळे चढ्या हप्त्याने घ्यावा लागलेला प्रवासविमा यात धरलेला नाही. किंमत वाढली सात हजार. आम्ही दोघे त्या घरात एकत्र राहिलो ते दोन हिवाळे, म्हणजे दहा महिने. त्याच इमारतीत तसाच ब्लॉक थंडीत महिना साडेचारशे युरो भाड्याने मिळत असे. दहा महिन्यांचे साडेचार हजार. पहिल्या वर्षी तो ब्लॉक मी पाहिलाही होता. ह्यांना म्हटले, "अहो, एक वर्ष भाड्याने राहून पाहू या का?" तर म्हणाले, "जन्मभर भाडंच भरलं, आता आपलं असू दे." त्याला मी काय उत्तर देणार? आजही माझ्यापाशी उत्तर नाही. एका रात्रीला किती पडले हा भागाकार मात्र मी केला नाही आणि करणारही नाही.

आता येथून, आपल्या देशातून घेणाऱ्यांविषयी थोडे. नियमानुसार आपल्याकडच्या निवासी माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात आणि त्यातून घर घेता येते. नवराबायको दोघांच्या मर्यादा एकत्रही करता येतात. पण एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर अशी रक्कम पाठवली की वरच्या भागावर वीस टक्के कर बँक आधीच गोळा करते. नव्वद लाख पाठवले तर ऐंशी लाखांवर सोळा लाख! तो प्राप्तिकरात वळता होतो, जास्त झाला तर परत मिळतो, हे खरे. पण पेन्शनीवर जगणाऱ्या माणसाचा कर असतो किती? तोवर सोळा लाख कुठून आणायचे, हे घर बघायला जाण्यापूर्वी ठरवावे. आणि परदेशातले घर दरवर्षी प्राप्तिकराच्या विवरणात दाखवावे लागते. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यान्वये न दाखवल्यास दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो, मग घर पांढऱ्या पैशाचे का असेना.

"घर घेतले की राहण्याचा परवाना मिळतो," असेही ऐकू येते. पोर्तुगालने घरखरेदीवरचा तो मार्ग २०२३ च्या ऑक्टोबरात बंद केला, स्पेनने ३ एप्रिल २०२५ ला. ज्या भगिनीने मला विचारले त्यांनी हे मुलाला जरूर सांगावे. पोर्तुगालात घेताना मालकी-कर किमतीप्रमाणे चढता असतो आणि वर ०.८ टक्का मुद्रांक. दुबईत घर नावावर करताना चार टक्के. इंग्लंडात परदेशस्थ खरीददाराला एप्रिल २०२१ पासून दोन टक्के जादा, आणि ते दुसरे घर असेल तर ऑक्टोबर २०२४ अखेरपासून आणखी पाच टक्के जादा. सिंगापुरात तर एप्रिल २०२३ पासून परक्या माणसाला साठ टक्के जादा मुद्रांक आहे. तेथे घेऊच नका असे सांगण्याची ती सभ्य रीत असावी.

मी स्वतः २०२३ मध्ये नौपाड्यात धाकट्या बहिणीकडे येऊन राहिले. यालाही वरखर्च आहेच. इंग्लंडचे सरकारी पेन्शन दरवर्षी महागाईप्रमाणे वाढते. तुम्ही स्पेनमध्ये राहिलात तरी वाढते. पण भारतात राहावयास आलात की ते ज्या आकड्यावर असेल तेथेच गोठते. मला ते आधी माहीत होते. यावेळी सारे आधी विचारून घेतले आणि मग तिकीट काढले.

मी बोलता बोलता आकडे फार सांगितले, ते सगळे लक्षात राहावयाचे नाहीत. म्हणून ह्यांची वही आणि पावत्यांची पिशवी मी बरोबर आणली आहे. ती तिकडे भरतकामाच्या टेबलाशेजारी ठेवली आहे. चहाच्या वेळी ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी खुशाल पाहावे, उतरून घ्यावे. फक्त पावत्यांचा क्रम बदलू नका. तो ह्यांनी लावलेला आहे.